बातमीपत्राचं तिसरं पान

गुरुवारी सकाळी शालिग्राम यादवराव काळबांड्यांकडे चहाला गेला, तेव्हा ओसरीवर एक परका माणूस बसलेला होता. अंगात लांब कोट, पायांत धुळीनं माखलेले बूट, आणि दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरलेले. जानेवारीची थंडी होती खरी, पण हात थंडीनं तसे धरलेले नव्हते. दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडरी केलेल्या शालिग्रामला एवढं कळत होतं.

"नमस्कार," तो माणूस म्हणाला.

शालिग्राम पायरीवरच थांबला. हा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र ओळखीचा होता. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत रोज सायंकाळी सात वाजता डॉक्टरांच्या रेडिओतून तो दवाखान्याच्या अंगणात यायचा आणि औषधाला आलेली माणसं कण्हायची थांबायची.

"तुम्ही मोहनसिंग राठोड. बातम्यांवाले."

"होतो," तो माणूस म्हणाला.

यादवराव अंगणात बाज विणत बसले होते. गुप्त पोलिसातली जमादारकी सोडून ते मंगरूळपीरला परतले त्याला सहा वर्षं झाली होती. चोरीला गेलेले बैल, खोटी मृत्युपत्रं, पळवलेली बियाण्याची पोती, असली कामं लोक त्यांच्याकडे आणत. ऐकताना त्यांचे हात थांबत नसत.

"बस शालिग्राम. मोहनसिंग, पहिल्यापासून सांगा. घाई करू नका."

"घाई आहे," मोहनसिंग म्हणाला. "परवा शनिवारी अकरा वाजता इथल्या डाकबंगल्यावर माझी चौकशी आहे. अधिकारी दौऱ्यावर आहेत, म्हणून इथं बोलावलं. ज्या एका कागदावर माझी सुटका होती, तो काल सायंकाळी चोरीला गेला."

त्याची हकीकत निम्मी गावाला ठाऊक होती. इंझोरीजवळच्या तांड्यावरचा हा मुलगा. सरकारी रेडिओच्या आवाज-परीक्षेत दोनशे जणांत पहिला आला आणि चार वर्षं मराठी बातम्या वाचत राहिला. तो कुठला हे कळल्यावर केंद्रावर पत्रं येऊ लागली. तांड्यावरच्या माणसाच्या तोंडून शुद्ध मराठी आम्ही का ऐकावी, असं लिहिणारे होते. मग भाषेवरून राज्यांच्या वाटण्या झाल्या. त्या बातम्या त्यानंच वाचल्या, म्हणून दोन्ही बाजूंनी शिव्या त्यालाच. एकानं त्याला सरकारचा पोपट म्हटलं, दुसऱ्यानं सरकारचा वैरी.

"आणि डिसेंबरात कळमखेडची बातमी," यादवराव म्हणाले.

"हो. कळमखेडच्या कापड गिरणीसमोर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी पत्रकात होतं, तीन जखमी. सातला चार मिनिटं असताना आमचे वृत्तसंपादक हर्षे यांना फोन आला. त्यांनी तिसऱ्या पानावर 'जखमी' खोडून स्वतःच्या हातानं 'ठार' लिहिलं, खाली सही केली आणि पान माझ्या हातात दिलं. मी वाचलं. दुसऱ्या दिवशी खुलासा निघाला, कोणी मेलेलं नाही. हर्षेसाहेब म्हणाले, मी असं पान दिलंच नाही. शब्द मी बदलला, असा माझ्यावर आरोप आहे."

"आणि तुम्ही मध्येच थांबलात, असाही."

मोहनसिंगनं मान खाली घातली. "नऊ सेकंद. 'तीन जण ठार झाले' हे वाक्य वाचलं आणि थांबलो. लोकांना भडकवायला मुद्दाम थांबलो, असं आरोपपत्रात आहे."

"का थांबलात?"

"श्वास लागला."

शालिग्रामनं मान डोलावली. दम्याचे रोगी त्यानं उभ्या उभ्या अडकलेले पाहिले होते. यादवरावांचे हात मात्र दोरीवर क्षणभर थांबले.

"त्या पानावर आणखी काय होतं?"

"खाली चार ओळी होत्या. त्या वाचायच्या नव्हत्या."

"कसल्या?"

"संपादकांच्या सूचना," मोहनसिंग म्हणाला. सांगताना तो अंगणातल्या बादलीकडे बघत होता.

यादवरावांनी पुढं विचारलं नाही. "पान कुठं होतं?"

"घरी, पत्र्याच्या पेटीत. माझी जुनी बातमीपत्रं मी घरी आणून ठेवतो. शंभरेक कागद असतील, त्यांच्या मधोमध ते ठेवलं होतं. केंद्रात दिलं असतं तर तिथंच नाहीसं झालं असतं. काल सायंकाळी तांड्याच्या नाईकाच्या दारात सगाईची गाणी होती, सगळा तांडा तिकडं. मी सातच्या सुमारास कंदील विझवून गेलो. दीड तासानं आलो तर कंदील पेटलेला होता. पेटीतून तेवढं एकच पान गेलं होतं."

"पेटीला कुलूप?"

"तांड्यावर कोण कुलूप लावतो?"

यादवराव उठले. "दुपारची सर्व्हिस मोटार किती वाजता आहे, शालिग्राम?"

"दीडला. पण माझा दवाखाना..."

"डॉक्टरांना सांग, दोन दिवस पोट बिघडलंय."

---

मोटार खचाखच भरली होती. शालिग्रामच्या पायांशी लाकडी खोक्यात एक जड बॅटरी होती. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिच्यातलं तेजाबाचं पाणी डुचमळे.

"पाय आखडून घ्या बाप्पा," कंडक्टर म्हणाला. "इंझोरीच्या पंचायतीच्या रेडिओची हाय. मंगळवारी चार्जिंगले आली, आज चालली वापस. इंजिनवाल्यानं दोन दिवस रखडवली."

शालिग्रामनं पाय आखडले, पण उशिरा. इंझोरीला उतरून बॅटरी कोतवालाच्या डोक्यावर द्यायला त्यानं हात लावला, तेव्हा धोतराला बोटभर भोकं पडलेली दिसली. नवं धोतर होतं. तांड्यापर्यंत त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तांड्याकडं जायला गावातून सरळ वाट होती. मोहनसिंगनं त्यांना बांधाबांधानं, तुरीच्या शेतांना वळसा घालून नेलं.

"लांबचा रस्ता धरलात," यादवराव म्हणाले.

"गावात लोक गाठतात. शंभर प्रश्न विचारतात."

मोहनसिंगची आई रामीबाई दारात बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, पण कान शाबूत होते.

"काल कोणी आलं होतं ना, बाई?" यादवराव तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आलं होतं. मी म्हनलं, कोन? बोललं नाही. मले वाटलं रतन हाय. सकाळी भावाभावांचं भांडन झाल्तं, तो गुश्शात व्हता. गुश्शात असला का बोलत नाही."

"पायांचा आवाज कसा होता? बूट वाजले?"

"नाही. अनवानी पाय."

"किती वेळ होता आत?"

म्हातारीनं विचार केला. "लय येळ. तिकडं तीन गानी झाली. कंदिलाची काच वाजली. मंग काई नाही, नुसता बसून व्हता. जाताना रांजनातून पानी पेला. लोटा भरून पेला, अन् मंग आनखी एक भरून पेला."

कुणाला किती तहान लागली, याचं शालिग्रामला काही कौतुक वाटलं नाही. यादवराव मात्र रांजणाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून पेटीपर्यंतचं अंतर पाहून आले.

थोरला भाऊ रतनसिंग बैलांना कडबा टाकत होता. त्यानं काही लपवलं नाही.

"भांडलो. काहून नाही भांडू? म्या त्याले म्हनलं, माफी लिहून दे अन् मोकळा हो. उद्या पोलीस आले त तांड्यावर येतीन. आमच्या बापानं रोज सायंकाळी ठान्यात हजेरी देली हाय साहेब. चोर नव्हता तरी देली. ते दिवस मले पुन्हा नाही पाह्यचे."

"मग पान तुम्हीच काढलं असेल."

"काढलं असतं," रतनसिंग म्हणाला. "पन कोनतं काढू? पेटीत कागदच कागद. मले सारे सारखेच दिसतेत. शाळेत मोहन गेला, मी ढोरांमागं."

"मोहनसिंगांना वाचायला कोणी शिकवलं? शाळेत?"

"शाळेच्या पह्यले पुंजाजीबाबानं. इंझोरीचे पुंजाजी ढोके. चावडीवर मोठ्यानं पेपर वाचत, हा त्यांच्या मांडीपाशी बसे. घरी आला का पह्यले त्यांच्या पाया पडाले जाय, मंग माय. या खेपी मात्र गावात पायच नाही टाकला त्यानं."

---

गावात शाळेच्या खोलीत नीळकंठ धाबेकर नावाचा पाहुणा मंगळवारपासून उतरला होता. तो रेडिओ केंद्रातल्या वृत्तविभागाचा सहायक. टेबलावर टाइप केलेला माफीनामा, कमरेला चामडी पट्ट्यात टॉर्च, पायांत करकर वाजणारे बूट. शालिग्रामनं त्याला पाहताक्षणी मनात निकाल लावून टाकला.

"हर्षेसाहेबांनी पाठवलं मला," धाबेकर म्हणाला. "मोहनसिंगनं सही केली, तर नोकरी वाचेल. नाही केली, तर खटला होईल. मी त्याच्या भल्यासाठी आलो."

"काल सायंकाळी सात वाजता कुठं होतात?"

"इथंच. अहवाल लिहीत होतो. साक्षीदार नाही माझ्याकडे." तो थकल्यासारखा हसला. "पान मी घेतलं असं वाटतं ना तुम्हाला? मला मिळालं असतं, तर आज सकाळच्या पहिल्या मोटारीनं गेलो नसतो का? या ढेकणांच्या खाटेवर कशाला झोपलो असतो?"

"पानावर काय होतं, तुम्हाला माहीत आहे?"

धाबेकरचा चेहरा उतरला. "त्यावर मी बोलणार नाही. मला लेकरंबाळं आहेत."

बाहेर आल्यावर शालिग्राम हळूच म्हणाला, "हाच आहे. तोंडावर भीती दिसते."

"भीती दिसते खरी," यादवराव म्हणाले. "पण भीती तर मोहनसिंगाच्याही तोंडावर आहे, आणि त्याच्या भावाच्याही. आणि तुझ्याही, धोतराबद्दल बायकोला काय सांगायचं म्हणून."

पुंजाजी ढोक्यांचं घर पंचायतीला लागूनच होतं. साठीचा उंच, वाळका माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. पंचायतीच्या रेडिओची किल्ली जानव्यासारखी त्यांच्या गळ्यात असे. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. चोरीचा विषय निघाल्यावर म्हणाले, "ऐकलं. वाईट झालं. गुणी पोरगा हाय."

"काल सात वाजता तुम्ही कुठं होता, बाबा? सगळ्यांनाच विचारतोय."

"मी सात वाजता कुठं असनार? रेडिओपाशी. रोजच्यावानी बातम्या लावल्या, आयकल्या, बंद केल्या."

"काय होतं बातम्यांत?"

"कापसाचं काई होतं. अन् कोन्या तरी मंत्र्याचं."

तेवढ्यात त्यांची बायको चतुराबाई वाटीत तिळाचे लाडू घेऊन आली. संक्रांत चार दिवसांवर होती. "घ्या जी. तुमी मंगरूळचे ना? तिकडं टपाल अडकून राह्यलं का? महिना झाला, पोराचं कार्ड नाही."

"कुठं असतो मुलगा?" शालिग्रामनं विचारलं.

"गिरनीत हाय. उकंडा. त्याच्यासाठी डबा भरून ठेवला. तिळाचा लाडू त्याले लय आवडते."

"आवडे," पुंजाजी म्हणाले. ते दाराबाहेर बघत होते. "लहानपनापासून आवडे त्याले." मग वळून बायकोला म्हणाले, "तू चूल पाह्य. धूर होऊन राह्यला."

चूल धुमसत नव्हती. शालिग्रामनं लाडू खाल्ला, चांगला झाल्याचं सांगितलं. यादवरावांचा लाडू तसाच हातात राहिला.

त्या रात्री तांड्यावर मोहनसिंग सारखा उठून दारापर्यंत जाई आणि परत येई. शालिग्रामला वाटलं, याला झोपेची पुडी द्यावी. पण पुड्या मंगरूळला राहिल्या होत्या. शनिवारला एक दिवस उरला होता, आणि यादवरावांनी एक शब्दही सांगितला नव्हता.

---

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना पंचायतीच्या खोलीत बोलावलं. भिंतीपाशी लाकडी कपाटात रेडिओ, खाली ती बॅटरी. पुंजाजी कपाटाशेजारी बसले. मोहनसिंग दाराजवळ उभा राहिला, पुंजाजींकडं त्यानं पाहिलं नाही. रतनसिंग आणि धाबेकर दोन कोपऱ्यांत.

"पेटीत शंभर कागद होते," यादवरावांनी सुरुवात केली. "चोरानं पेटी उपसली नाही, सगळं उचलून नेलं नाही. वाचून एक पान काढलं. रतनसिंगांना अक्षर येत नाही. तेव्हा ते नाहीत."

रतनसिंगनं भावाकडं पाहिलं.

"धाबेकर, तुम्हाला वाचता येतं, आणि ते पान नाहीसं व्हावं अशी तुमच्या साहेबांची इच्छाही असेल. पण तुमच्या कमरेला टॉर्च आहे. तुम्ही परक्या घरातला कंदील पेटवत बसला नसता. तुमचे बूट म्हातारीनं ऐकले असते. आणि काम झाल्यावर तुम्ही इथं थांबला नसता, हे तुम्हीच म्हणालात. मला ते पटलं. तुम्ही जाऊ शकता."

"मग घेतलं कोणी?" धाबेकरनं विचारलं.

"ते तुमच्यासमोर सांगणार नाही. उद्या अकराला डाकबंगल्यावर या."

धाबेकर रेंगाळत निघून गेला. बुटांची करकर दूर जाईपर्यंत यादवराव गप्प राहिले. शालिग्राम बोटांवर मोजू लागला. आता राहिलं कोण?

"चोर आत तीन गाण्यांएवढा बसला," यादवराव म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "पान पळवायला एवढा वेळ लागत नाही. कंदील लावून तो तिथंच वाचत बसला. मग दोन लोटे पाणी प्यायला. दुसऱ्याच्या घरात चोरी करणारा माणूस पाणी प्यायला थांबत नाही. ज्याच्या घशाला एकाएकी कोरड पडली, तो थांबतो. म्हणजे त्याला कागद नको होता. कागदावर काय लिहिलंय, ते त्याला हवं होतं."



"काय लिहिलं होतं? मोहनसिंग म्हणाले, सूचना. चार वर्षं बातम्या वाचणारा माणूस 'ठार' या शब्दानंतर नऊ सेकंद थांबतो आणि म्हणतो, श्वास लागला. मेलेले तीन होते. खाली ओळी होत्या चार. एक सूचना, की हे वाचू नये. आणि तीन नावं. बरोबर?"

मोहनसिंगनं दाराची चौकट धरली.

"त्यातलं एक नाव तुमच्या ओळखीचं होतं. म्हणून आवाज थांबला. म्हणून तुम्ही घरी आल्यापासून गावात पाऊल टाकलं नाही, ज्यांच्या पाया पडायला आधी जात होता त्यांना टाळलं. मला बांधावरून फिरवून नेलंत."

"दुसऱ्या दिवशी खुलासा आला," मोहनसिंग म्हणाला. रेडिओवरचा तो आवाज आता कुठल्या कुठं गेला होता. "कोणी मेलं नाही म्हणाले. मला वाटलं, असेलही. चुकीचं नाव असेल. नक्की कळल्याशिवाय कसं सांगू? रोज ठरवायचो, उद्या जाऊ. तीन लाख लोकांना सांगितलं मी, आणि या एका घरी जायची..."

आता शालिग्रामला कळलं. कळलं आणि त्याला वाटलं, आपण कालचा तो लाडू खायला नको होता.

यादवराव पुंजाजींसमोर जाऊन बसले. "बाबा, परवा सात वाजता तुम्ही रेडिओपाशी होता म्हणालात. रेडिओची बॅटरी मंगळवारपासून मंगरूळला होती. काल ती आमच्याच मोटारीत आली. या शालिग्रामचं धोतर जाळून आली. परवा हा रेडिओ मुका होता. पण माणूस शंभर कारणांनी खोटं बोलतो, तेवढ्यावर मी काही म्हटलं नसतं. मग चतुराबाई म्हणाल्या, उकंड्याला लाडू आवडते. आणि तुम्ही म्हणालात, आवडे."

 पुंजाजींनी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि रेडिओच्या मागून घडी केलेला कागद काढला.

"म्याच लावल्या होत्या त्या दिवशीच्या बातम्या," ते म्हणाले. "कळमखेड म्हनला, ठार म्हनला अन् थांबला. मी या पोराले वाचाले शिकवलं. कुठं थांबाव, ते शिकवलं. तिथं थांबाची जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, म्या धरून ठेवला तो. छातीशी धरून ठेवला. मंग हा घरी आला अन् माह्याकडं आला नाही. आठ दिवस वाट पाह्यली. त्याचे कागद पेटीत असतेत, मले ठाव होतं. परवा तांड्यावर गानी चालू होती, गेलो. माह्या दारात त्याले यायची हिंमत नाही, त मलेच जाव लागन ना?"

"पान परत का ठेवलं नाही, बाबा?" मोहनसिंगनं विचारलं.

"ठेवलं असतं त साहेबाकडं गेलं असतं. साहेबाकडून पेपरात. पेपरातलं कोनी ना कोनी तिले वाचून दाखवलं असतं." पुंजाजींनी कागद गुडघ्यावर ठेवून सारखा केला. "संक्रांत होऊ देऊ म्हनलं. तिनं डबा भरला हाय. जाळाले गेल्तो चुलीत. पोराचं नाव त्याच्यावर. जाळू कसा?"

रतनसिंग कोपऱ्यातून म्हणाला, "अन् माह्या भावाची नोकरी? त्याले जेल झाली असती त?"

"ते बी मनात येई. रोज येई," पुंजाजी म्हणाले. "तिचं तोंड पाह्यलं का इसरून जाई."

यादवरावांनी कागद घेतला नाही. "मी चोर पकडून देत नाही. उद्या अकरापर्यंत वेळ आहे. पान तुमच्याकडं आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

पुंजाजी उठले. दारापाशी मोहनसिंग त्यांच्या पायांवर वाकला. त्यांनी त्याला उठवलं नाही आणि दूरही केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "चाल संगं. माह्यानं एकट्यानं होत नाही."

दोघं शेजारच्या घरात गेले. शालिग्राम पंचायतीच्या ओट्यावर उभा राहिला. कानांवर हात ठेवावेत असं त्याला वाटलं, पण आतून काहीच ऐकू आलं नाही.

---

शनिवारी डाकबंगल्याच्या व्हरांड्यात चतुराबाई आली होती. नवऱ्यानं नको म्हटलं तरी आली होती. चौकशी अधिकारी वयस्क, चष्म्यातून कागद दूर धरून वाचणारे. त्यांनी तिसरं पान मनात वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"अक्षर हर्ष्यांचं आहे, हे कशावरून? ते तर नाही म्हणतात."

 पान सापडलं म्हणजे सगळं झालं, असं शालिग्राम रात्रभर धरून चालला होता.

अधिकाऱ्यांनी धाबेकरकडं पाहिलं. "तुम्ही रोज त्यांचं अक्षर पाहता. कोणाचं आहे हे?"

धाबेकर उभा होता. त्याच्या हातात सहीविना राहिलेला माफीनामा होता. त्यानं मोहनसिंगकडं पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या चतुराबाईकडं. तिनं पदर कपाळावर पुढं ओढला नव्हता. ती सरळ त्याच्याकडंच बघत होती.

"हर्षेसाहेबांचं," धाबेकर म्हणाला. "फोन आला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होतो. नावं त्यांनी माझ्यासमोर लिहून घेतली."

अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतलं. टाक दौतीत बुडवायला ते थांबले, तेव्हा चतुराबाई आत आली.

"साहेब, तुमी मनात वाचलं. आमाले आयकू नाही आलं."

"बाई, हे सरकारी..."

"नाव माह्या पोराचं हाय." ती मोहनसिंगकडं वळली. "तू वाच. त्या दिवशी राह्यलं ते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.  मग त्यांनी पान टेबलावरून पुढं सरकवलं.

मोहनसिंगनं वाचलं. कळमखेड, गिरणी, गोळीबार, तीन जण ठार. त्यानं खालची ओळ घेतली. उकंडा पुंजाजी ढोके, राहणार इंझोरी, वय बावीस. आवाज फाटला, पण तो थांबला नाही. पुढची दोन्ही नावं, त्यांची गावं, त्यांची वयं त्यानं वाचून पुरी केली. चतुराबाई खाली बसली आणि मग कुठं तिला रडू आलं.

आदेश पुढं मार्चात आला. शब्द बदलल्याचा आरोप रद्द झाला. रेडिओवर एका ओळीची दुरुस्ती वाचली गेली, दुसऱ्याच कोणाच्या आवाजात. मोहनसिंगला कामावर घेतलं, पण ध्वनिक्षेपकासमोर नाही. जुन्या फायलींच्या खोलीत. दोन महिने तिथं बसून त्यानं राजीनामा दिला. धाबेकरची बदली झाली, कुठं ते मंगरूळला कोणाला कळलं नाही.

हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी दुपारी डाकबंगल्याच्या फाटकाशी रतनसिंगनं गाडी जुंपली होती. पोराचं दहन कुठं झालं याची चौकशी करायला अधिकाऱ्यांनी पत्र दिलं होतं, ते पुंजाजींनी रुमालात बांधलं. चतुराबाईला शालिग्रामनं हात देऊन गाडीत बसवलं.

मोहनसिंग चढला नाही. त्याच्या हातात वहीचा एक कागद होता. त्यावर त्यानं दोन नावं आणि दोन गावं उतरवून घेतली होती.

"तू काहून थांबला?" रतनसिंगनं विचारलं.

"या दोन घरी अजून कोणी सांगितलेलं नाही," मोहनसिंग म्हणाला. "एक गाव आपल्या इकडच्या मालेगावच्या पुढं आहे. तीनची मोटार मिळेल."

 

पुंजाजी गाडीतून खाली उतरले. त्यांनी बायकोला हळू आवाजात काही सांगितलं. तिनं मान हलवली. मग ते मोहनसिंगजवळ आले आणि त्याच्या हातातला कागद घेऊन नावं वाचू लागले.

"मी येतो संगं," ते म्हणाले. "तू नुसता उभा राह्य. त्या बापाशी मी बोलतो."